दोन पिल्ले, असंख्य पिसवा आणि श्रावकाची यतना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोरीवली येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पिसवांविषयी व्याख्यान होणार, हे ऐकून सभागृहात स्मित उमटणे स्वाभाविक आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा, दात्यांचे ऋण, गुरुजनांचे स्मरण हे विषय अशा प्रसंगी शोभून दिसतात. परंतु अहिंसा हा ज्या धर्माचा प्राण आहे, त्या धर्माची कसोटी सभागृहात लागत नाही. ती घरात लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, धान्याच्या डब्यापाशी आणि कधी कधी जिन्याखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी लागते. आजचा विषय त्या खोक्यातला आहे.

बोरीवली हे जीवसृष्टीच्या शेजारी वसलेले उपनगर होय. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आणि त्याच्या कडेला पोदनपूर येथील आदिनाथ, भरत व बाहुबली यांच्या भव्य मूर्ती. पश्चिमेस गोराईची खाडी व तिवरांचे रान. या दोहोंच्या मध्ये रेल्वे, बाजार आणि एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या सोसायट्या. अशाच एका सोसायटीतील, मूळच्या सांगलीकडील एका जैन कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हा प्रसंग कोणा एकाच घरचा नव्हे. थोड्याफार फरकाने तो अनेकांच्या दारी येतो.

दिवस आषाढातले आहेत. जिन्याखाली व्यालेली मांजरी दोन दिवस परतलेली नाही. तिची दोन पिल्ले पावसात भिजून ओरडत आहेत. शाळेतून आलेली नात ती उचलून घरी आणते. जुन्या नऊवारीच्या घडीवर, खोक्यात त्यांची व्यवस्था होते. तिसऱ्या दिवशी पिल्ले सारखी अंग खाजवू लागतात. त्यांच्या पोटाकडच्या विरळ केसांतून तपकिरी ठिपके सरसर धावताना दिसतात. सामायिकाला बसलेल्या आजींच्या घोट्यांवर लाल पुरळ उठते. पिल्लांना पिसवा झाल्या आहेत, हे सर्वांच्या ध्यानात येते.

मग सल्ल्यांची गर्दी होते. शेजारच्या काकू फिनाईलच्या पाण्याने धुण्यास सांगतात. कोणी रॉकेलचा बोळा फिरवण्यास सुचवते. मुलगा दुकानातून कुत्र्यांची पावडर घेऊन येतो. आजी मात्र निश्चयाने सांगतात, ‘‘जीव मारायचं औषध या घरात येणार नाही.’’

नात रडवेली होते. ‘‘आजी, पण मग पिल्लं मरतील ना!’’

‘‘आणि पिसवांना जीव नाही का गं, बाळ?’’

या प्रश्नापाशी घर थांबते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आजीही खरे बोलत आहेत आणि नातही खरेच बोलत आहे.

पिसवेचे जीवन

कोणत्याही जीवाविषयी निर्णय घेण्यापूर्वी तो जीव जाणून घ्यावा, ही जैन परंपरेची पहिली शिकवण होय. आधी ज्ञान, मग दया, हा तिचा क्रम आहे.

मांजराच्या अंगावर आढळणारी पिसू पंखहीन असते. दोन्ही बाजूंनी चपटी असल्यामुळे ती केसांतून सहज सरकते आणि मागच्या पायांच्या बळावर स्वतःच्या देहाच्या अनेक पटींनी दूर उडी घेते. पूर्ण वाढलेल्या पिसवेचे अन्न एकच, ते म्हणजे रक्त. रक्त मिळू लागले की मादी एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक अंडी घालू शकते. ही अंडी चिकट नसतात. ती मांजराच्या अंगावरून घरंगळून अंथरुणात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात आणि पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. पुढे त्या कोश विणतात. उबदार व दमट हवेत हे सारे चक्र दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. मात्र परिस्थिती प्रतिकूल असेल तर पिसू कोशात कित्येक महिने वाट पाहत राहते. म्हणूनच जाणकार सांगतात, की मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या शंभरात पाचच. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपाने घरात दडलेल्या असतात.

मुंबईचा पावसाळा या चक्राला अत्यंत अनुकूल असतो. ज्या काळात जीवोत्पत्ती विपुल होते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून चातुर्मास करतात, त्याच काळात बोरीवलीच्या खोक्यातही जीवोत्पत्ती होते. आगमकारांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, याचा प्रत्यय घरबसल्या येतो.

मोठ्या मांजराला पिसवांमुळे खाज सुटते, कातडीचे विकार होतात. लहान पिल्लाचे मात्र प्राणच पणाला लागतात. अर्ध्या-पाऊण किलोच्या देहात रक्त ते किती? शेकडो पिसवा ते दिवसरात्र शोषू लागल्या तर पिल्लू मलूल होते, त्याच्या हिरड्या फिकट पडतात आणि रक्तक्षयाने ते दगावूही शकते. अंग चाटताना पिसू पोटात गेली तर तिच्यातून पट्टकृमीचीही बाधा होते. नातीची भीती पोरकट नव्हती.

शास्त्र काय सांगते?

आता आजींचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्राने संसारी जीवांची इंद्रियांनुसार चढती श्रेणी सांगितली आहे. ऊ, लीख, मांकूण, मुंगी हे त्रींद्रिय जीव. त्यांना स्पर्श, रस व गंध या तीन संवेदना असतात. पिसूही त्यांच्याच पंक्तीतली. मांजर पंचेंद्रिय व समनस्क आहे. मग ‘पाच इंद्रियांसाठी तीन इंद्रियांचा बळी द्यावा’ असा हिशेब मांडून मोकळे होता येईल काय?

येथे आचार्य अमृतचंद्रांचा ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ श्रावकाला अडवतो. या ग्रंथात त्यांनी हिंसेच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या सबबी एकेक करून तपासल्या आहेत. एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे रक्षण होते, ही सबब त्यांनी नाकारली. अनेक लहान जीवांपेक्षा एक मोठा जीव मारलेला बरा, ही सबबही नाकारली. दुःखी जीवाला मारून दुःखातून सोडवावे, हा युक्तिवादही त्यांना मान्य नाही. थोडक्यात, जीवांची बेरीज-वजाबाकी करून हिंसेला अहिंसा म्हणता येत नाही. पिसू मारणे ही हिंसाच आहे, हे प्रथम स्वच्छ शब्दांत मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच परंपरेने गृहस्थाची मर्यादाही ओळखली आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून श्रावकाकडून संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्याच बुद्धीने केलेल्या हिंसेचा, संपूर्ण त्याग अपेक्षिला आहे. उरलेल्या तीन प्रकारांत त्याने शक्य तितके कमी करावे, यतनेने वागावे आणि घडलेल्या दोषाची आलोचना करावी. तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्याच प्रमादाच्या आधारे करते. देहाने काय घडले याइतकेच मन कोणत्या अवस्थेत होते, हे तेथे निर्णायक ठरते.

एक आक्षेप आणखी येतो. मांजर हा मांसभक्षक प्राणी. जैन घरात त्याचे पोषण कसे? हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते आणि त्यात उपजीविकेसाठी मांजर-कुत्री पोसण्याचाही निषेध आहे. तो निषेध धंद्याचा आहे, हे विसरता कामा नये. जिन्याखाली ओरडणाऱ्या अनाथ पिल्लांना आसरा देणे हा धंदा नव्हे, ती अनुकंपा आहे. अनुकंपेचे लौकिक व लोकोत्तर मोल किती, याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत. तेरापंथाचे प्रवर्तक आचार्य भिक्षू (१७२६–१८०३) यांनी या भेदाची कठोर चिकित्सा केली. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. पिल्ले घरात आली आहेत आणि त्यांचा भार घराने स्वीकारला आहे, एवढे पुरेसे आहे.

सुरतेचा भाडोत्री माणूस

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ साली प्रवासाला निघून पुढे सुरतेत आला होता. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तेथील वाणी समाजाने चालवलेल्या जनावरांच्या रुग्णालयाचा उल्लेख आहे. त्याच्या जवळच ढेकूण, पिसवा यांसारख्या जीवांसाठीही एक जागा होती आणि त्यांना अन्न मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथील खाटेवर निजवले जाई, असे तो लिहितो. परक्या प्रवाशाच्या लेखणीत नवलाचा व थोडा उपहासाचा भाग असणारच. तरीही त्या खाटेवरचा माणूस मनातून जात नाही.

पिसवांवर दया करणाऱ्याने स्वतःचा देह त्यांच्यापुढे ठेवला असता, तर तो तपस्वी ठरला असता. साधूच्या बावीस परीषहांत दंशमशक हा परीषह आहेच. डास-पिसवांचे दंश तो समभावाने सोसतो. पण परीषह स्वतः सोसायचा असतो, दुसऱ्याला सोसायला लावायचा नसतो. गरिबाच्या रक्तावर केलेली जीवदया ही दात्याची दया आणि गरिबाचे दुःख, अशी विभागली जाते.

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा या दृष्टीने स्मरावी. वणव्यात सापडलेल्या प्राण्यांनी भरलेल्या मोकळ्या मैदानात हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला. तेवढ्यात त्या रिकाम्या जागी एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा चिरडेल, म्हणून हत्ती अडीच दिवस तीन पायांवर उभा राहिला. कळ त्याने स्वतः सोसली. त्याच्या दयेचे थोरपण तेथे आहे.

खोक्यातल्या पिल्लांना काहीच न करता तसेच ठेवणे म्हणजे सुरतेच्या खाटेवर त्यांना निजवणे होय. फरक एवढाच, की त्या माणसाला निदान मोबदला मिळत होता आणि सकाळी उठून जाता येत होते. ‘औषध आणले नाही, म्हणून दोष लागला नाही’ असे समाधान श्रावकाला मिळणार नाही.

फणी आणि थेंब

मग करावे काय? येथे यतना हा शब्द पुस्तकातून उतरून हातात येतो.

पहिली यतना अज्ञान टाळण्याची. मुलाने आणलेली कुत्र्यांची पावडर प्रथम दूर ठेवली पाहिजे. कुत्र्यांच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन हे द्रव्य असते. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. थोड्या मात्रेनेही मांजराला झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. फिनाईल व तत्सम जंतुनाशके, रॉकेल, कापूर व सुगंधी तेले हीदेखील मांजराला विषारीच. मांजर आपले सारे अंग चाटून स्वच्छ करते. म्हणून जे अंगाला लागते ते पोटात जाते. पिसवा वाचवण्याच्या किंवा पैसे वाचवण्याच्या नादात पिल्लू गमावले, तर ती प्रमादजन्य हिंसा ठरेल.

दुसरी यतना जाणकाराला विचारण्याची. मुंबईत त्याची सोय नवी नाही. १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगल झाली आणि १८३४ साली पारशी व जैन धनिकांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ सालचे आहे. आता उपनगरांतही पशुवैद्य आहेत. ते पिल्लांचे वजन करतात, वय ठरवतात, हिरड्या पाहतात. पिल्लू फार अशक्त असेल तर घरचा उपाय पुरत नाही, हे तेच सांगू शकतात. मानेवर सोडावयाची थेंबांची औषधे बहुधा आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांना देत नाहीत. काही औषधे त्याआधीही चालतात. पण तो निर्णय वैद्याचा.

तोवर साधन एकच, उवा-लिखा काढण्याची बारीक दातांची फणी. एकाने पिल्लू मऊ पंचात धरावे, दुसऱ्याने मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने फणी फिरवावी. मान, कानांमागचा भाग, पोट व शेपटीचे मूळ येथे पिसवा अधिक असतात. फणीला आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवले असता लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचेच रक्त, असे समजावे. पिसवा फारच असतील तर कोमट पाण्याने अंघोळ घालता येते. आधी मानेभोवती पाणी लावावे, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. डोळे, कान व तोंड वाचवावे आणि पिल्लू ताबडतोब कोरडे करून उबेत ठेवावे. लहान पिल्लाला गारठाही मारतो.

फणीत आलेल्या पिसवांचे काय? हा प्रश्न नात हमखास विचारणार. सामान्यतः त्या साबणाच्या पाण्यात टाकतात आणि तेथे त्या मरतात. आजी म्हणतील, कुंपणाजवळच्या गवतात सोडून ये. तेथे एखादे मांजर, कुत्रे मिळाले तर त्या त्याला चावतील. न मिळाले तर अन्नावाचून काही दिवसांत मरतील. सोडल्याने हाताला पाणी लागत नाही, पण परिणाम फारसा बदलत नाही. आजींना गवतच बरे वाटले, तर त्यांच्या भावनेचा अनादर करू नये. मात्र त्याला पूर्ण अहिंसा म्हणण्याचे कारण नाही.

आठ आठवडे पूर्ण झाले व वजन पुरेसे भरले, की वैद्याने मांजरांसाठीच दिलेले थेंबांचे औषध वापरावे. फिप्रोनिल, सेलामेक्टिन ही त्यांतील प्रचलित द्रव्ये. एका पिल्लाला एकच मात्रा. एक नळी अंदाजाने दोघांत वाटू नये. डोक्याच्या मागे, मानेच्या मुळाशी केस बाजूला सारून कातडी दिसू द्यावी आणि थेंब केसांवर न पडता कातडीवर पडतील असे सोडावेत. ही जागा अशासाठी, की तेथे पिल्लाची स्वतःची जीभ पोचत नाही. पण भावंडाची पोचते! म्हणून औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. जाळीच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे ठेवले तर ती एकमेकांना पाहू शकतात व ओरडत नाहीत. चुकून औषध चाटले गेले तर तोंडाला लाळ सुटते. लाळ थांबेना, थरथर किंवा ग्लानी दिसली, तर वैद्याकडे न्यावे. औषधाच्या आधी व नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये. घरात तिसरे मांजर किंवा कुत्रे असेल तर त्याच्यावरही त्याला योग्य असा उपचार त्याच वेळी करावा. नाहीतर पिसवा तेथे मुक्काम हलवतात. पुढची मात्रा वैद्य सांगेल तेव्हाच.

जीवोत्पत्ती होऊ न देणे

अंगावरील पाचांवर उपचार झाला, घरातील पंचाण्णव राहिल्या. श्रावकाचा खरा अधिकार येथे आहे. पाणी गाळावे, धान्य निवडून वाळवावे, शिळे साठवू नये, या आजींच्या साऱ्या नियमांचे सूत्र एकच आहे: जीवोत्पत्ती होऊच देऊ नये, म्हणजे जीवहिंसेची वेळ येत नाही. खोक्यातील नऊवारीची घडी दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुवावी. पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली रोज केर काढावा आणि तो घरात साठवू नये. ऊन पडेल तेव्हा अंथरुणे खिडकीच्या जाळीवर वाळवावीत. यातही पडलेली अंडी व अळ्या नष्ट होतात, हे नाकारता येत नाही. परंतु पहिल्या आठवड्यापासून हे केले तर पुढे औषध वारंवार वापरावे लागत नाही आणि मरणाऱ्या जीवांची संख्या कितीतरी घटते. उपचारानंतरही काही आठवडे कोशांतून नव्या पिसवा निघत राहतात. दोन-तीन महिने चिकाटी ठेवावी लागते. घाबरून औषधाची मात्रा वाढवणे हा अधीरपणा, म्हणजे प्रमादच.

या अज्ञानाची किंमत मुंबईने एकदा फार मोठी मोजली आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग घाणीतून, हवेतून की धान्यातून येतो, यावर वाद चालले आणि माणसे मरत राहिली. उंदरावरील पिसू हा त्याचा दुवा असल्याचे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखवले. मांजराची पिसू ती नव्हे. म्हणून कोणी धास्ती घेऊ नये. पण अतिसूक्ष्म जीवाचे यथार्थ ज्ञान किती जीवांचे रक्षण करते, याचे हे उदाहरण आहे.

आणि शेवटी

त्या घराकडे पुन्हा वळावे. भाद्रपद उजाडला आहे. नात पिल्लू पंचात धरून बसली आहे. चष्मा लावून थेंब सोडण्यासाठी पुढे आलेला हात आजींचाच आहे; कारण ‘लहान मुलीच्या हातून हे नको’ असे त्यांनीच ठरवले आहे. दोष स्वतःकडे घेण्याची ही रीत जुन्या पिढीचीच. थेंब पडतात. पिल्लू अंग झटकते आणि जाळीच्या दारापलीकडच्या भावंडाकडे जाऊन बसते.

त्या सायंकाळी प्रतिक्रमणात एकेंद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंतच्या जीवांचा क्रम येतो. वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेल्या त्या पाठात त्रींद्रियांपाशी आजींचा स्वर किंचित अडखळतो. शेजारी बसलेल्या नातीला तो थांबा ऐकू येतो.

‘‘आजी, आपण पाप केलं का?’’

‘‘केलं, बाळ. पिल्लं वाचवली, ते बरं केलं. पिसवा मेल्या, ते पाप झालं. दोन्ही खरं आहे. म्हणून तर मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं.’’

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत या ट्रस्टने जे कार्य केले, त्याचा लेखाजोखा या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. परंतु अहिंसा पुढच्या पिढीच्या हाती जाते ती अशा सायंकाळी. पुण्याने पाप पुसले, असे त्या आजींनी सांगितले नाही. पापाच्या भयाने त्या हात बांधूनही बसल्या नाहीत. श्रावकाची यतना यापेक्षा निराळी नाही.

जय जिनेंद्र!